आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही

मस्कतमध्ये जून उजाडला की गोनूचा विषय निघतोच. 2007 सालच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात हे चक्रीवादळ ओमानच्या किनाऱ्याला भिडलं. अरबी समुद्रात तोवर नोंद झालेलं ते सर्वांत जोरदार वादळ होतं. एरवी कोरड्या असणाऱ्या वाद्या, म्हणजे इथल्या ओढ्यानद्यांची पात्रं, काही तासांत दुथडी भरून वाहू लागल्या. कुरुम भागातले रस्ते वाहून गेले, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. तेव्हापासून इथे राहणाऱ्या कुठल्याही मराठी घरी जा, बादल्या घेऊन टँकरची वाट पाहिल्याची गोष्ट तुम्हाला ऐकायला मिळेल.

माझं संशोधन अशा पुरांवर आहे. ज्या देशात पाऊसच क्वचित पडतो, तिथे जुन्या पुराच्या नोंदी फार मोलाच्या असतात. पुढचा पूल किती उंच बांधायचा, वादीच्या काठाला घरं कुठवर बांधू द्यायची, हे त्यांच्यावरून ठरतं. आमच्या विभागात गोनूनंतर जमवलेल्या आणि 2010 च्या फेट वादळाच्या वेळच्या नोंदी 2009 साली घेतलेल्या एका सर्व्हरवर होत्या. दुसरी प्रत? ‘असेल की कुठेतरी,’ असं सगळे म्हणायचे. कुठे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग एके दिवशी त्या सर्व्हरमधली कार्यप्रणालीची छोटी डिस्क गेली. नोंदींच्या आठ डिस्क शाबूत होत्या. तेव्हा काळजीचं कारण नव्हतं. लिनक्सची नवी आवृत्ती टाकली की झालं, असं मला वाटलं. एका गुरुवारी दुपारी, सुट्टी लागायच्या आधी, मी पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं. पडद्यावर निरोप आला, की डिस्क सापडली नाही. समोर आठही डिस्कचे हिरवे दिवे लुकलुकत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात पाणी होतं, पोहराच नाहीसा झाला होता.

तो पोहरा कुठे गेला, हे शोधताना तीसेक वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे. संगणकाशी तुमचा संबंध कामापुरता असला तरी वाचा, कारण लग्नाच्या फोटोंपासून संशोधनाच्या नोंदींपर्यंत तुमचं-माझं सगळं आज अशाच कुठल्यातरी आडात आहे.

कोठीवाला आणि दुभाषी

घरच्या संगणकात डिस्क थेट जोडलेली असते. सर्व्हरमध्ये मात्र डिस्क आणि कार्यप्रणाली यांच्या मध्ये बहुधा एक कार्ड बसवलेलं असतं. त्याला म्हणतात डिस्क कंट्रोलर. 1988 साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला, की एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, आणि एखादी बिघडली तरी माहिती वाचावी अशी तजवीज करावी. हीच ‘रेड’ पद्धत. आमच्या सर्व्हरमध्ये 300 जीबीच्या 8 डिस्क होत्या. त्यांतल्या दोन एकदम गेल्या तरी चालेल अशी मांडणी होती, म्हणून वापरायला 6 डिस्कइतकी, म्हणजे 1,800 जीबी जागा मिळत होती.

ही मांडणी सांभाळतो तो कंट्रोलर. एखाद्या पोथीची पानं सुटी करून आठ पेट्यांत वाटून ठेवावीत आणि कुठलं पान कुठल्या पेटीत याची वही फक्त कोठीवाल्याकडे असावी, तसा हा प्रकार. पेटी उघडून एखादं पान काढलंत तरी पोथी वाचता येत नाही. कोठीवाल्यालाच विचारावं लागतं.

आणि कोठीवाल्याची भाषा निराळी. प्रत्येक कंपनीच्या कंट्रोलरची भाषा वेगळी, आणि ती कार्यप्रणालीला समजावून देणारा एक दुभाषी लागतो. त्याचं नाव ड्रायव्हर. संगणक सुरू झाला की प्रत्येक कार्ड आपले दोन क्रमांक सांगतं, एक कंपनीचा आणि एक त्या वस्तूचा. कंपनीचे क्रमांक ठरलेले आहेत. इंटेलने तर आपल्या गाजलेल्या प्रोसेसरवरून 8086 हाच घेतला आहे. कार्यप्रणाली हे क्रमांक आपल्या दुभाष्यांच्या यादीत शोधते. सापडले तर बोलणं सुरू. नाही सापडले तर ते कार्ड असून नसल्यासारखं, आणि त्याच्यामागच्या डिस्कही.

ज्याच्याकडे जे होतं ते

लिनक्सच्या जन्माची गोष्ट डिस्कपाशीच सुरू होते. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीच्या 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्यात त्याने कबूल केलं होतं, की एटी पद्धतीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरं काही तिच्यावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढीच होती.

यात विनय होता, तशीच ओपन सोर्स जगाची रीतही होती. दुभाषी तोच लिहू शकतो ज्याच्या टेबलावर ते कार्ड आहे. सर्व्हरच्या जगात तेव्हा स्कझी पद्धतीच्या डिस्क चालत. लिनसकडे ती नव्हती, पण इतरांकडे होती. ड्रू एकहार्टने लिनक्सला स्कझीची भाषा शिकवायला सुरुवात केली. स्कझी कार्डांच्या बाजारात दबदबा होता कॅलिफोर्नियातल्या अडॅप्टेक या 1981 साली स्थापन झालेल्या कंपनीचा. तिच्या एका गाजलेल्या मालिकेसाठी लिनक्सचा पहिला ड्रायव्हर 1994 मध्ये लिहिला जॉन एकॉक याने, आणि तो होता कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या संगणक विभागात. कार्ड कॅलिफोर्नियाचं, कार्यप्रणाली फिनलंडमध्ये जन्मलेली, दुभाषी कॅनडातला. पुढे फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीसाठी जस्टिन गिब्ज याने लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सने उचलला. कुणी कुणाचं घेतलं याचा हिशेब नावानिशी त्या फाइलींच्या माथ्यावर लिहिलेला आहे.

सगळं इतकं गोडीगुलाबीत मात्र झालं नाही. भाषा शिकायची तर व्याकरणाचं पुस्तक हवं, आणि ते कंपनीच्या कपाटात. 2005 साली कॅलगरीतच राहणाऱ्या थिओ द राट याने अडॅप्टेककडे तिच्या रेड कार्डांची कागदपत्रं मागितली. थिओ ओपनबीएसडी या प्रणालीचा प्रमुख. त्याची मागणी रास्त होती. रेडमधली एखादी डिस्क गेली तर ते वापरणाऱ्याला कळलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कार्डाशी कसं बोलायचं ते माहीत असलं पाहिजे. कागदपत्रं मिळाली नाहीत. तेव्हा त्याने 3.7 या आवृत्तीच्या नेहमीच्या गाभ्यातून त्या कार्डांचा ड्रायव्हरच बंद केला. अर्धवट आधार देऊन माणसाला गाफील ठेवण्यापेक्षा आधार नाही असं सरळ सांगणं बरं, हा त्याचा हिशेब. त्याच वर्षीच्या 3.8 मध्ये ज्या कार्डांची माहिती मिळवता आली होती, त्यांच्यासाठी रेडची देखभाल करणारं साधन आलं.

हट्टी वाटतो ना थिओ? मलाही वाटला होता. मग पुढचं वाचलं. अडॅप्टेकचा रेड धंदा 2010 मध्ये पीएमसी-सिएरा कंपनीकडे गेला. 2016 मध्ये पीएमसी मायक्रोसेमीने घेतली, आणि 2018 मध्ये मायक्रोसेमी मायक्रोचिपने. दुसरी मोठी मालिका मेगारेड. ती अमेरिकन मेगाट्रेंड्सकडून 2001 मध्ये एलएसआय लॉजिककडे गेली, 2014 मध्ये एलएसआयला अवागोने घेतलं, आणि 2016 मध्ये अवागोनेच ब्रॉडकॉम हे नाव धारण केलं. ज्या कपाटात ते व्याकरण होतं, ते कपाट किती वेळा हललं बघा. 2009 साली घेतलेल्या कार्डाबद्दल आज कुणाला पत्र लिहायचं?

लिहिणारा गेला, लिहिलेलं राहिलं

या सगळ्या शोधात माझ्या मनात घर करून राहिला तो लेनर्ड झुबकॉफ. नव्वदच्या दशकात मायलेक्स नावाच्या कंपनीची डीएसी 960 ही रेड कार्डं सर्व्हरमध्ये सर्रास असत. त्यांचा लिनक्स ड्रायव्हर झुबकॉफने लिहिला. बसलॉजिक या स्कझी कार्डांचा ड्रायव्हरही त्याचाच. ऑगस्ट 2002 मध्ये अलास्कात हेलिकॉप्टरच्या अपघातात तो गेला. तोवर मायलेक्सही आयबीएमच्या हातून एलएसआयकडे निघाली होती. म्हणजे कार्ड बनवणारी कंपनी उरली नाही आणि दुभाषीही राहिला नाही.

बंदिस्त सॉफ्टवेअर असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. बंदिस्त ड्रायव्हर एखाद्या ठरावीक आवृत्तीसाठी बनवून दिलेला असतो. कार्यप्रणालीची आतली घडण बदलली, आणि लिनक्समध्ये ती सतत बदलते, की तो निकामी होतो. उघडा ड्रायव्हर मात्र मूळ गाभ्यात असतो. आतली घडण बदलणारा माणूस जाता जाता त्यातल्याही ओळी दुरुस्त करतो. झुबकॉफचा ड्रायव्हर असाच अनेकांच्या हातून पुढे चालत राहिला.

2018 मध्ये डिस्कशी बोलण्याची लिनक्सची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि डीएसी 960 चा ड्रायव्हर नव्या पद्धतीत बसेना. काढून टाकणं सोपं होतं. ती कार्डं वीस वर्षांची झाली होती. पण सुसे कंपनीतल्या हानेस राइनेके याने झुबकॉफच्या कामावरून त्याच कार्डांसाठी दोन नवे ड्रायव्हर लिहिले, एक जुन्या बोलीसाठी आणि एक नव्या. डिसेंबर 2018 च्या 4.20 या आवृत्तीत ते आले. झुबकॉफला जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

बसलॉजिकची गंमत वेगळी. खरी कार्डं आता भंगारात शोधावी लागतील. पण व्हीएमवेअरने आपल्या आभासी संगणकांत डिस्क जोडण्यासाठी याच कार्डाची नक्कल वापरली. त्यामुळे धातूचं कार्ड गेलं तरी त्याचा दुभाषी कामाला राहिला.

यादीतून नाव कमी होणं

मग आमच्या सर्व्हरचं काय बिनसलं? तिथे ड्रायव्हर मेला नव्हता. त्याला यादीतून वगळलं होतं.

लिनक्सचा मूळ गाभा जगभरातले लोक मिळून वाढवतात. पण कार्यालयांत वापरतात त्या आवृत्त्या कंपन्या त्यातून निवडून, तपासून, दहा-दहा वर्षांच्या हमीसह देतात. रेड हॅटने मे 2019 मध्ये आपली आठवी आवृत्ती काढली तेव्हा जुन्या डिस्क कंट्रोलरांची एक मोठी फळी तिच्यातून गळाली. काही ड्रायव्हर सबंध काढले. काहींच्या बाबतीत ड्रायव्हर ठेवला, पण जुन्या कार्डांचे क्रमांक त्याच्या यादीतून पुसले. दुभाषी दारात उभा आहे, भाषाही येते, पण या पाहुण्याशी बोलायचं नाही अशी त्याला ताकीद आहे. तिच्यावर आधारलेल्या मोफत आवृत्त्यांनाही बहुधा हेच लागू झालं.

याला नुसतं वाईट म्हणणं योग्य होणार नाही. हमी द्यायची तर तपासणी हवी, तपासणीला ते कार्ड हवं, ते चालवणारा माणूस हवा. न तपासता दिलेली हमी म्हणजे थिओच्या भाषेत माणसाला गाफील ठेवणंच. मूळ गाभ्यातही जुनं काढतात, पण थोडं जपून. कॉम्पॅकच्या जमान्यापासूनच्या स्मार्ट ॲरे कार्डांचा एक ड्रायव्हर 2017 मध्ये 4.14 आवृत्तीतून काढला, तेव्हा ती जुनी कार्डं दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली केली. मशीन सुरू करताना एक जादा शब्द लिहिला की तो त्यांच्याशी बोलतो. हे कामही राइनेकेचंच.

आणि कंपनीने सोडलेलं लोकांनी उचललं. ईएलरेपो नावाचा एक स्वयंसेवी गट या वगळलेल्या कार्डांचे ड्रायव्हर पुन्हा बांधून सगळ्यांना देतो. अल्मालिनक्सने तर मे 2024 च्या 9.4 आवृत्तीत अशा अनेक जुन्या कंट्रोलरांचे क्रमांक यादीत परत घातले. हे शक्य झालं कारण ताकीद उठवण्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती.

आमच्या आठ डिस्क

त्या गुरुवारी मात्र यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी पुण्याला मावसभावाला फोन लावला. पुण्यात व्हेरिटासचं मोठं केंद्र अनेक वर्षं होतं आणि डिस्क-साठवणीच्या क्षेत्रात तिथे माणसांची एक पिढीच तयार झाली. आमचा दादा त्यांतलाच.

त्याने पहिलं काय विचारलं असेल? “डिस्कांना नंबर घातलेस का?”

“नाही रे, अजून काही बाहेरच काढलं नाही.”

“काढूही नकोस. आधी कागदाच्या चिकटपट्ट्या लाव, कुठली डिस्क कुठल्या खणातली ते लिही. आणि ऐक, पडद्यावर कुठेही ‘क्लिअर’ नाहीतर ‘इनिशियलाइझ’ दिसलं तर हात मागे घे. कोठीवाल्याची वही तिथेच फाटते.”

पोथी आणि कोठीवाल्याची उपमा त्याचीच, हे इथे सांगून टाकते.

मग त्याने सांगितलं, की लिनक्सची जुनी आवृत्ती अजून संग्रहात मिळते, ती पेनड्राइव्हवरून चालव, डिस्क फक्त वाचण्यापुरत्या जोड आणि आधी नोंदी बाहेर काढ. आमच्या नेटवर्क विभागाचा नियम होता, सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेली प्रणाली जाळ्यात आणायची नाही. नियम बरोबरच होता. म्हणून केबल काढून ठेवली आणि बाहेरची एक डिस्क यूएसबीला लावली. जुनी आवृत्ती सुरू झाली, आणि आठ डिस्कची मिळून एक डिस्क पडद्यावर दिसली. साधारण 1,400 जीबी नोंदी होत्या. जुन्या यूएसबीचा वेग सेकंदाला तीसेक एमबी, म्हणजे तेरा तास. पहाटे कधीतरी सहाव्या खणातला दिवा तांबडा झाला. प्रत चालूच राहिली. दोन डिस्क गेल्या तरी चालेल ही मांडणी करणाऱ्या पूर्वीच्या अनोळखी सहकाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला.

सर्व्हर पुन्हा जाळ्यात आणायचा तर नवी आवृत्ती हवी होती. कार्डाचा क्रमांक पाहिला, तो वगळलेल्यांत होता. ईएलरेपोची ड्रायव्हरची प्रतिमा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. ठरलेलं नाव दिलेला असा ड्राइव्ह जोडलेला असला की तिथला इन्स्टॉलर तो आपणहून उचलतो. या वेळी यादीत डिस्क दिसली. सहावी डिस्क बदलली, आणि आता तो सर्व्हर नोंदींची दुसरी प्रत सांभाळतो. कुठे आहे, ते सगळ्यांना सांगता येतं.

ओमानला हे विचार परके नाहीत. 2013 साली सुलतान काबूस विद्यापीठात मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर परिषद झाली होती. पण अशा परिषदांत बोलणं बहुधा पैशांची बचत आणि स्वावलंबन यांवर होतं. जुन्या नोंदी वाचता येत राहणं, हा मुद्दा मला त्या रात्री कळला.

मोडी आणि आपण

खरं तर मराठी माणसाला तो आधीच कळायला हवा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्यांतले निवडक कागद 45 खंडांत छापून आणले. तरी राहिलेल्यांचा ढीग प्रचंड आहे. कागद टिकला आहे, शाई टिकली आहे. कमी पडतात ती मोडी वाचणारी माणसं. मोडी कुणाच्या मालकीची नाही, म्हणून आजही कुणीही ती शिकू शकतो आणि त्या कागदांशी बोलू शकतो. ती एखाद्या कंपनीच्या कपाटातली गुप्त लिपी असती आणि ती कंपनी चार वेळा विकली गेली असती, तर?

उघडं असणं पुरेसं नाही, हेही तेवढंच खरं. मोडी उघडी आहे म्हणून आपोआप वाचली जात नाही. झुबकॉफची फाइल उघडी होती म्हणून चालत राहिली नाही. राइनेके बसून लिहिता झाला म्हणून चालली. उघडेपणाने फक्त पुढच्या माणसाला वाट मोकळी राहते. चालायला माणूस लागतोच.

आता तुमच्याकडे वळते. परदेशातल्या पुष्कळ मराठी घरांत पुस्तकांच्या कपाटात एक काळा डबा असतो, दोन किंवा चार डिस्कचा. त्यात बारशाचे व्हिडिओ, आजीच्या आवाजातल्या ओव्या, गावच्या घराचे कागद. येत्या सुट्टीत त्याच्यापाशी बसा. तो बंद पडला तर त्यातल्या डिस्क दुसऱ्या कशात वाचता येतील का, हे शोधा. अशा पुष्कळ डब्यांच्या आत लिनक्सच असतं आणि मांडणीही त्याचीच उघडी असते, त्यामुळे उत्तर बहुधा दिलासा देणारं मिळेल. तरीही सगळ्याची एक प्रत साध्या डिस्कवर, साध्या फाइलींत काढून ठेवा. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. एक डबा चोरीला गेला, भिजला, तर सगळ्या डिस्क एकदमच जातात.

आणि डिस्क बाहेर काढायच्या आधी त्यांना नंबर घाला. कागदाची चिकटपट्टी पुरते.